गाठ वाजते तेव्हा

नमस्कार मंडळी. आमची आजी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची, गोळ्या आणायच्यात, एक गाठ, वाण्याचे पैसे द्यायचेत, दुसरी गाठ. संध्याकाळी पदर चाचपत बसायची आणि कधीकधी गाठ सापडायची पण ती कशासाठी मारली तेच आठवायचं नाही, मग सगळ्या घरावर चिडचिड!

तर तिकडे दक्षिण अमेरिकेत, अँडीजच्या डोंगरात, इंका लोकांनी असल्या गाठींवर अख्ख्या राज्याचा हिशोब चालवला. खिपू म्हणतात त्याला, क्वेचुआ भाषेत अर्थच गाठ. एक जाड आडवी दोरी, तिला लोंबणाऱ्या सुती किंवा लोकरीच्या बारीक दोऱ्या. खालच्या टोकाला एकक, त्याच्या वर दशक, मग शतक, आणि शून्य असेल तर तिथे गाठच नाही, नुसती मोकळी दोरी! एककाच्या लांब गाठीत जितके वेढे तितका आकडा. लेलँड लॉक ह्या अमेरिकन अभ्यासकांनी १९१२ मध्ये हे दशमानाचं कोडं उलगडलं. त्याच्या कितीतरी आधी, इंकांवर स्पॅनिश राज्य आल्यावर, १५८३ला पेरूतल्या लिमाच्या ख्रिस्ती धर्मसभेने मात्र मूर्तिपूजेचे म्हणून खिपू नष्ट करायला लावले होते. काय बोलायचं.

आता मला जिच्याबद्दल सांगायचंय ती पॅट्रिशिया कादाविद, कोलंबियाची कलाकार. हिने ह्या खिपूचं वाद्य केलंय, इलेक्ट्रॉनिक खिपू. लोकरीच्या जागी वीज वाहून नेणाऱ्या रबराच्या दोऱ्या, बोट टेकलं की मोबाईलच्या स्क्रीनला कळतं ना, तसं ह्या दोऱ्यांना कळतं, तो सिग्नल कॉम्प्युटरकडे जातो आणि तिथून आवाज येतो. म्हणजे स्टेजवर बसून ही बाई काय करते, तर गाठी मारते. दोरी उचलायची, वेढा द्यायचा, ओढायची, तेच तिचं वाजवणं. सुरेल वगैरे अपेक्षा ठेवू नका हां, हे प्रयोगवाल्यांचं संगीत, आमच्या घरी लावलं तर पहिला प्रश्न येईल की रेडिओ बिघडलाय का.

पण मला ते आवडतं, कारण फ्युजनच्या नावाखाली मागे एलईडी लावून पुढे ढोलकी बसवलेले प्रोग्रॅम मी भरपूर पाहिलेत. इथे तसं नाही, गाठ मारली नाही तर कॉम्प्युटर बिचारा गप्प. आणि कार्यक्रम संपला, प्लग काढला, आवाज गेला, तरी गाठी दोरीवर तशाच. कुठली कुठल्या आवाजाची, ते तिला तरी आठवत असेल का, आजीच्या पदरासारखंच.