एक जहाज, पाच नावं

जहाजाची मागची बाजू कधी तिरप्या उन्हात बघा. नावाच्या अक्षरांच्या कडा बऱ्याचदा पत्र्यावर वेल्डिंगने उठवलेल्या असतात. नाव बदललं की त्या घासून काढतात, वर रंग चढवतात. तरी कधीकधी जुनं नाव रंगाखालून डोकावतंच. आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, सात आकडी क्रमांक मात्र भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. आज ज्या जहाजाबद्दल बोलायचंय, त्याची नावं झाली पाच.

पहिलं नाव अगदीच रुक्ष: 'आर एट'. रेनेसाँ क्रूझेस या कंपनीने फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत आठ सारखी जहाजं बांधून घेतली आणि त्यांना चक्क नंबर दिले. हे आठवं, २००१ सालचं. त्याच सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं. कर्ज आधीचंच होतं, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर प्रवासीही आटले. नवं कोरं जहाज, आणि मालकच नाही!

आता त्याचा आकार. ३०,२७७ ग्रॉस टन, लांबी सुमारे १८१ मीटर, प्रवासी सातशेच्या आसपास. टन म्हटल्यावर आपल्याला वजन वाटतं, पण ग्रॉस टनेज हे जहाजातल्या बंदिस्त जागेचं माप आहे. 'आयकॉन ऑफ द सीज'चं तेच माप २,४८,६६३, म्हणजे आठपटीहून जास्त. त्या मानाने आपलं जहाज मध्यम, त्यातही लहानाकडे झुकणारं. पण पाण्याखाली ते जेमतेम सहा मीटर बुडतं. त्यामुळे मोठ्या जहाजांना जिथे दूर नांगर टाकून माणसं छोट्या बोटींनी किनाऱ्यावर न्यावी लागतात, तशा कितीतरी बंदरांत हे सरळ धक्क्याला लागतं. माझ्या मते याचं नशीब इथेच ठरलं.

२००३ मध्ये ते स्वॉन हेलेनिक या क्रूझ कंपनीकडे 'मिनर्व्हा टू' म्हणून गेलं. तिथे प्राचीन अवशेष बघायला निघालेले प्रवासी जहाजावर अभ्यासकांची व्याख्यानं ऐकत, तीही पैसे मोजून. (तुम्ही इथे फुकट ऐकताय, हे लक्षात असू द्या.) २००७ मध्ये 'रॉयल प्रिन्सेस'. २००९ च्या जूनमध्ये इजिप्तमधल्या पोर्ट सैदहून निघाल्यावर इंजिनरूमला आग लागली आणि त्याला तिथेच परतावं लागलं. २०११ मध्ये पी अँड ओ या क्रूझ कंपनीचं 'अडोनिया', फक्त प्रौढांसाठी.

पण ते खरं गाजलं २०१६ मध्ये. १ मे रोजी ते मायामीहून निघालं आणि २ मे रोजी हवानाला पोचलं. जवळपास चाळीस वर्षांत अमेरिकेतून क्यूबाला गेलेली ही पहिली क्रूझ. त्याआधी एक पेच होता: क्यूबात जन्मलेल्यांना समुद्रमार्गे मायदेशी यायला क्यूबाची बंदी होती, म्हणून पी अँड ओची पालक कंपनी कार्निव्हल त्यांचं बुकिंगच घेईना. मायामीत निदर्शनं झाली, शेवटी एप्रिलमध्ये क्यूबाने नियम सैल केला. सातशे माणसांच्या जहाजासाठी एका देशाने आपला नियम बदलला!

२०१८ मध्ये बेलफास्टला, जिथे 'टायटॅनिक' बांधलं त्याच हारलँड अँड वुल्फच्या गोदीत, त्याची डागडुजी झाली आणि 'अझमारा परस्यूट' हे पाचवं नाव लागलं. बाकीच्या सात भावंडांनीही असेच मालक बदलले. २०२२ मध्ये हिशोब असा जमला: चार अझमारा या कंपनीकडे, चार ओशनिया या कंपनीकडे, आणि आठही चालू.