झेड कणाची रुंदी आणि न्यूट्रिनोंची मोजदाद

श्रोतेहो,

निसर्गात हलक्या न्यूट्रिनोंचे (विद्युतभार नसलेल्या आणि सहसा उपकरणांना न दिसता निघून जाणाऱ्या सूक्ष्म कणांचे) प्रकार किती, हा प्रश्न १९८९ च्या उन्हाळ्यातही अनिर्णित होता. इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला सापडलेला टाऊ हे तीन विद्युतभारित कण ठाऊक होते, आणि त्या प्रत्येकाला एकेक न्यूट्रिनो जोडीदार असणार असे मानले जात होते. पण अशा जोडीचे चौथे किंवा पाचवे कुटुंब नाहीच, असे छातीठोकपणे सांगण्याइतका भक्कम पुरावा प्रयोगशाळेकडे नव्हता. विश्वाच्या आरंभी हेलियम किती तयार झाला असावा, यावरून खगोलशास्त्रज्ञ तीन, फार तर चार, असा अंदाज बांधत, परंतु त्यामागे बरीच गृहीतके होती. आणि मूलकणांच्या ज्या सिद्धांताला आपण स्टँडर्ड मॉडेल म्हणतो तो या बाबतीत चक्क मुका आहे. कुटुंबे किती असावीत, याविषयी तो काहीच सांगत नाही.

मग परीक्षा कशाची घ्यायची? झेड कण, म्हणजे क्षीण बल वाहून नेणारा जड आणि अल्पायुषी कण, न्यूट्रिनोच्या कोणत्याही एका प्रकारात किती वेगाने क्षय पावेल, हे सिद्धांत अगदी नेमके सांगतो. तेव्हा झेडच्या न दिसणाऱ्या क्षयांचे एकूण माप काढून त्याला या आकड्याने भागले, तर उत्तर पूर्णांक आले पाहिजे. ते तीन येते की चार, याचे सिद्धांताला सोयरसुतक नाही. पण ते अडीच आले, तर मात्र त्याची धडगत नाही. माझ्या मते या प्रयोगाची खरी धार इथे आहे, आणि ‘न्यूट्रिनो तीनच’ अशा मथळ्यांत ती हरवून जाते.

झेड कण १९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडला. त्यानंतर तिथेच फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेखाली सुमारे २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात लेप हा कोलायडर (कणांच्या टकरी घडवणारे यंत्र) उभा राहिला, आणि १९८९ च्या ऑगस्टमध्ये त्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) यांच्या टकरी सुरू झाल्या. टकरीची ऊर्जा ९१ जीईव्हीच्या (हे कणांच्या ऊर्जेचे आणि वस्तुमानाचे एकक) आसपास थोडीथोडी बदलत न्यायची आणि प्रत्येक ऊर्जेला किती झेड तयार होतात ते मोजायचे, अशी पद्धत होती. त्यातून शिखरासारखा एक आलेख मिळतो. त्या शिखराची रुंदी झेडच्या आयुर्मानाशी बांधलेली असते: कण जितका अल्पायुषी, तितके शिखर रुंद. टाकीला भोके जितकी अधिक, तितकी ती लवकर रिकामी होते, मग त्यांतली काही भोके आपल्याला दिसत नसली तरीही. न्यूट्रिनोचा एकेक प्रकार झेडच्या रुंदीत सुमारे १६७ एमईव्हीची (एक एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) भर घालतो. चौथा प्रकार असता, तर शिखर रुंद झालेच असते, शिवाय त्याची उंचीही सुमारे १२ टक्क्यांनी घटली असती. प्रत्यक्षात उंचीचा हा फरकच अधिक उपयोगी पडला.

मात्र उंची सांगायची, तर एकूण टकरी किती झाल्या हे आधी कळायला हवे. त्यासाठी ज्या प्रक्रियेचे गणित झेडवर जवळजवळ अवलंबून नाही, अशी एखादी प्रक्रिया मोजावी लागते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांच्या जवळून जाताना किंचित वळून अगदी लहान कोनातून निघून जातात, ती ही प्रक्रिया. तिला भाभा विकिरण म्हणतात. होमी भाभा यांनी १९३० च्या दशकात केंब्रिजला असताना तिचे गणित मांडले होते. त्यांनीच पुढे मुंबईत उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ लेपवरच्या चार प्रयोगांपैकी एल-३ मध्ये सहभागी होते, हे इथे जाता जाता नमूद करतो.

ऊर्जेच्या मोजमापाची कथा याहून विलक्षण आहे. चंद्राच्या ओढीने समुद्राप्रमाणे जमीनही किंचित वरखाली होते, आणि त्यामुळे लेपच्या २७ किलोमीटरच्या परिघात सुमारे एका मिलिमीटरचा फरक पडत असे. तेवढ्यानेच किरणांची ऊर्जा दहा-एक एमईव्हीने हलायची. आणि झेडचे वस्तुमान तर २ एमईव्हीच्या अचूकतेने सांगायचे होते. जिनिव्हाच्या सरोवरातल्या पाण्याची पातळीही त्या आकड्यांत उमटत असे. पुढे असेही आढळले की, जवळून जाणाऱ्या विजेच्या आगगाड्यांचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपून कोलायडरच्या नळीतून वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र थोडेसे बदलतो. रात्री गाड्या थांबल्या की ही चुळबूळही थांबे. असे सगळे हिशेब चुकते केल्यावर वस्तुमान ९१.१८७५ जीईव्ही आणि रुंदी २.४९५२ जीईव्ही ठरली.

तीन प्रकारांचा कौल तसा १९८९ च्या ऑक्टोबरमध्येच, टकरी सुरू झाल्यापासून दोन-तीन महिन्यांत मिळाला होता. पण चारही प्रयोगांची एकत्रित, सुमारे १.७ कोटी झेडवर आधारलेली अंतिम आकडेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा संख्या निघाली २.९८४०, अनिश्चितता ०.००८२. म्हणजे पूर्णांकापासून अनिश्चिततेच्या जवळजवळ दुप्पट अंतर. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो, त्यामुळे कोणी गहजब केला नाही. तरीही झेडशी काहीशा क्षीणपणे जोडलेले न्यूट्रिनो असतील काय, अशी शंका काही सैद्धांतिकांनी जिवंत ठेवली होती.

उत्तर मिळाले ते २०१९ मध्ये, यंत्र बंद होऊन १९ वर्षे लोटल्यावर. भाभा विकिरणातून लहान कोनात बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनला समोरून येणारा पॉझिट्रॉनांचा पुंजका स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्याचा कोन आणखी लहान होतो आणि काही कण मोजणाऱ्या उपकरणाच्या आतल्या कडेखालून निसटतात. हा परिणाम जुन्या हिशेबात धरलेलाच नव्हता. टकरींची संख्या त्यामुळे सुमारे ०.१ टक्क्याने कमी धरली गेली होती. ही दुरुस्ती केली आणि भाभा विकिरणाचे सुधारित गणित वापरले, तेव्हा आकडा २.९९६३ झाला आणि अनिश्चितता ०.००७४ उरली. एकही नवी टक्कर न घडवता सिद्धांताची परीक्षा पुन्हा झाली, आणि ती आधीपेक्षा कडक होती.

या मोजणीची मर्यादाही सांगायला हवी. झेडच्या वस्तुमानाच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे ४५ जीईव्हीहून जड न्यूट्रिनो तिच्यात येत नाहीत, कारण झेड त्यांच्या जोडीत क्षय पावूच शकत नाही. म्हणून जड न्यूट्रिनो असलेल्या चौथ्या कुटुंबाला एक फट शिल्लक होती. ती २०१२ मध्ये हिग्ज या कणाच्या शोधाने बुजवली. प्रत्येक कुटुंबात क्वार्क, म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांचे घटकही असतात: जड क्वार्कांचे आणखी एक कुटुंब असते, तर लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये ग्लुऑनांपासून (क्वार्कांना एकत्र बांधणाऱ्या कणांपासून) हिग्ज तयार होण्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले असते, आणि तसे दिसले नाही. झेडशी ज्यांचा काहीच संबंध नाही, त्या वंध्य (स्टराइल) म्हटल्या जाणाऱ्या न्यूट्रिनोंना मात्र या दोन्ही परीक्षा लागू पडत नाहीत. त्यांचा शोध वेगळ्या प्रयोगांतून चालू आहे.