बोनस देऊनही पोरं टिकत नाहीत? पहिलं वाक्य तपासा

नमस्कार मंडळी! जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, सगळीकडून एकच कमेंट येतेय : "भाऊ, दिवाळीला बोनस दिला, तरी पोरं टिकत नाहीत."

पगार ७ तारखेच्या आत, ओव्हरटाइमला दुप्पट दर, मे महिन्याच्या उन्हात थंड पाणी आणि चालता पंखा. हे द्यायचंच, त्यावर बोलत बसत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडलंय, हे नसलं तर माणूस वैतागतो. पण नुसतं हे मिळालं म्हणून कामात जीव ओतत नाही.

मला बोलायचंय एका वाक्याबद्दल. कामगार बिघाड सांगायला आला, की तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं?

मी एमआयडीसीत एका चटई कारखान्यात सुपरवायझर होतो. आमचा एक ऑपरेटर स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाऊसिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, ग्रीस संपलंय की बेअरिंगच गेलंय. एकदा तो सांगायला आला, तर मॅनेजर सगळ्यांसमोर खेकसले, "तुले कोनी इचारलं?" दोन महिन्यांनी दुसऱ्या लूमचं, म्हणजे चटई विणायच्या मशीनचं, बेअरिंग जाम. शाफ्ट गेला, मशीन तीन दिवस बंद. मी त्या ऑपरेटरला विचारलं, "तुला ऐकू आलं नव्हतं का रे?"

"आलं होतं ना, भाऊ."

आजही ते आठवलं की वाईट वाटतं. त्या दिवशी मीही शेजारी उभा होतो आणि गप्प बसलो.

रावेर-सावद्याची केळी घ्या. घडाला मार बसला तर त्या दिवशी दिसत नाही, पिकल्यावर काळं पडतं. घड हातातून निसटला हे पोरानं भीतीनं लपवलं, तर तुम्हाला कळणार थेट व्यापाऱ्याच्या फोनवरून.

"आमच्याकडे चुकाच होत नाहीत" म्हणणारे मालक भेटले की मला धास्तीच वाटते. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या, तर चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथली माणसं मोकळेपणानं सांगत होती.

एका दादांनी लिहिलंय, "लाड केले की डोक्यावर बसतात." दादा, लाड नकोच. तोच हलगर्जीपणा पुन्हा झाला तर केबिनमध्ये बोलावून खडसवा. पण सांगायला आलेल्याला पहिलं वाक्य हेच : "बरं झालं सांगितलंस. चल, दाखव." आणि खरंच उठून त्याच्याबरोबर मशीनपर्यंत जा.

आजच्या शिफ्टला कोणी काही सांगायला आलं, तर तुम्ही काय बोललात ते जसंच्या तसं कमेंटमध्ये लिहा. मी प्रत्येक कमेंट वाचतो.