पाच जिंकले, चार गेले : रिचमंडच्या 2017 मोसमाचे पहिले दोन महिने

(दृश्य : मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, मार्च. मैदानाच्या मधोमध उघडी पडलेली चौकट, शेजारी अवजड ट्रेलर.)

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्या ओळखीचं आहे ते डिसेंबरातलं. 2020 च्या बॉक्सिंग डे कसोटीत अजिंक्य रहाणेने 112 धावा काढल्या, ते हे मैदान. इथली खेळपट्टी मात्र कायमची नसते. ती दुसरीकडे तयार करून उन्हाळ्यात आणून बसवतात आणि क्रिकेटचा मोसम सरला की उचलून नेतात. तिच्या जागी हिरवळ बसते, दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे राहतात आणि पुढे सप्टेंबरअखेरपर्यंत हे मैदान ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं. मेलबर्नकरांच्या तोंडी नुसतं ‘फूटी’.

इथून यारा पार्क ओलांडून थोडं चाललं की पंट रोड ओव्हल लागतं. रिचमंड क्लबचा सराव तिथे चालतो. जर्सी काळी, त्यावर पिवळा तिरका पट्टा. 2017 चा मोसम उजाडला तेव्हा या क्लबने शेवटचं विजेतेपद मिळवून 37 वर्षं होत आली होती. आधीच्या वर्षी 18 संघांत तेराव्या क्रमांकावर राहिले होते, आणि त्या वर्षीचा शेवटचा सामना सिडनीकडून तब्बल 113 गुणांनी गमावला होता. प्रशिक्षक डेमियन हार्डविक यांची खुर्ची डळमळत होती. क्लबने ती हलू दिली नाही, मात्र भोवतीची माणसं बदलली. सहायक म्हणून जस्टिन लेपिच आणि ब्लेक कॅरासेला आले. खेळाडूंमध्ये डिऑन प्रेस्टिया, जॉश कॅडी आणि टोबी नॅनकर्विस आले.

(दृश्य : मैदानाचं वरून दिसणारं चित्र. रेषा एकेक करून उमटतात.)

खेळ नवा असेल तर एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मैदान अंडाकृती. एका बाजूचे 18 जण आत, 2017 मध्ये बाकावर चार. क्वार्टर चार, प्रत्येकी 20 मिनिटांचे. पण गोल झाला किंवा चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबतं, त्यामुळे एक क्वार्टर अर्ध्या तासाच्या घरात जातो. चेंडू लांबट. तो पायाने मारायचा, नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोकायचा; हा हँडबॉल. फेकायला मनाई. हातात घेऊन पळता येतं, पण दर 15 मीटरला जमिनीवर टप्पा द्यावा लागतो. पायाने मारलेला चेंडू किमान 15 मीटर आला आणि कुणी थेट झेलला, तर तो ‘मार्क’. मग त्याला कुणी धरायचं नाही. तो शांतपणे पुढचा फटका मारतो.

मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने थेट गेला तर गोल, सहा गुण. उंच आणि बुटक्या खांबाच्या मधून गेला तर बिहाइंड, एक गुण. म्हणून फलकावर 21.14 (140) असं दिसतं : 21 गोलांचे 126, वर 14 बिहाइंड, एकूण 140.

आणि टॅकल. चेंडूवाल्याला खांद्याच्या खाली, गुडघ्याच्या वर कुठेही धरता येतं. चेंडू सोडायची पुरेशी संधी असूनही तो धरून बसला, तर पंच शिट्टी वाजवतो आणि चेंडू टॅकल करणाऱ्याला मिळतो. रिचमंडचं 2017 या एका नियमावर उभं आहे.

(दृश्य : 23 मार्च, गुरुवार रात्र. पहिली फेरी.)

पहिली फेरी, कार्लटनविरुद्ध. रिचमंड 132, कार्लटन 89. डस्टिन मार्टिनचे चार गोल. दुसऱ्या फेरीत कॉलिंगवूडवर 19 गुणांनी, तिसऱ्या फेरीत वेस्ट कोस्टवर 11 गुणांनी मात. चौथीत ब्रिस्बेनला जाऊन 52 गुणांनी. पाचवा सामना 24 एप्रिलच्या रात्री, अँझॅक दिनाच्या (ऑस्ट्रेलियात युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस) आदल्या दिवशी; मेलबर्न संघावर 13 गुणांनी विजय. पाचपैकी पाच.

रिचमंडचे चाहते अशा वेळी हवेत जातात, हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. पण इथे विजयांपेक्षा ते कसे मिळाले ते बघण्यासारखं होतं.

बहुतेक संघ पुढच्या फळीत दोन-तीन उंच खेळाडू ठेवतात, उंच मारलेला चेंडू झेलायला. रिचमंडकडे जॅक रीवोल्ट हा एकच खरा उंच फॉरवर्ड उरला. दुसरा, बेन ग्रिफिथ्स, मोसमाच्या सुरुवातीलाच डोक्याला मार बसून बाहेर गेला. म्हणजे नंतर ज्या रचनेचं कौतुक झालं, तिचा अर्धा भाग नाइलाजाने जुळून आला होता. रीवोल्टच्या पायाशी तीन छोटे, चपळ गडी : डॅनियल रिओली, जेसन कॅस्टाग्ना आणि पहिल्याच फेरीत पदार्पण केलेला डॅन बटलर.

(दृश्य : संथ गतीत. चेंडू उंच येतो, रीवोल्टवर तीन बचावपटू.)

रीवोल्टचं काम नीट बघा. चेंडू झेलता आला तर उत्तम. नाही आला, तर समोरच्यालाही झेलू द्यायचा नाही. मुठीने जमिनीवर पाडायचा. खाली पडला की तिथे हे तिघे हजर. बचावपटू वाकून चेंडू उचलतो त्या क्षणी त्याचं डोकं खाली आणि पाठ मैदानाकडे असते. तेवढ्यात मागून मिठी पडते. शिट्टी झाली तर गोलपासून 30-40 मीटरवर मोकळा फटका. शिट्टी नाही झाली, तरी तो घाईत कसाबसा चेंडू भिरकावतो आणि तो मैदानाच्या मधल्या पट्ट्यात वर सरकून उभ्या असलेल्या रिचमंडच्याच कुणाच्या तरी हाती पडतो. छोट्या फॉरवर्डचं मोजमाप त्यामुळे गोलांवर करू नये. समोरच्या गोलपासून 50 मीटरवर आखलेल्या कमानीच्या आत त्याने टॅकल किती केले, ते मोजावं. एकही गोल न करता तो सामना गाजवून गेलेला असू शकतो.

मधल्या उडीतही असाच जुगाड. 2017 मध्ये पंच चेंडू जमिनीवर आपटून वर उडवायचा आणि दोन्ही बाजूंचे उंच रकमन त्यासाठी उडी मारायचे. 2017 पासून तिसऱ्या माणसाने त्यात उडी घ्यायला बंदी आली, त्यामुळे दोन रकमन खेळवणं शहाणपणाचं वाटत होतं. रिचमंडने नॅनकर्विसला दम घ्यायला बसवलं की शॉन ग्रिग नावाच्या मिडफिल्डरला उडी मारायला पाठवलं. तो ती उडी बहुधा हरणार, हे गृहीतच. पण उडी हरल्यावर खाली पळणारा एक गडी जास्त असतो. बाकावरून 90 अदलाबदलींची मर्यादा असताना एक जड रकमन वाचवणं ही मोठी बचत होती.

(दृश्य : गुणतक्ता.)

आता तक्ता. विजयाला चार गुण, बरोबरीला दोन. गुण सारखे असतील तर टक्केवारी बघतात : आपण केलेले गुण भागिले आपल्यावर झालेले गुण, गुणिले शंभर. आयपीएलच्या नेट रन रेटसारखाच हिशोब, फक्त इथे वजाबाकीऐवजी भागाकार.

पहिल्या सामन्यानंतर रिचमंडची टक्केवारी 148.3, कार्लटनची 67.4. हे आकडे बघून मत बनवू नका. भाजक लहान असतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात एकच मोठा निकाल सगळं उलटंपालटं करतो. उदाहरण समोरच आहे. सहाव्या फेरीत अ‍ॅडलेडमध्ये रिचमंड 64, अ‍ॅडलेड 140. पहिली आणि सहावी, या दोनच फेऱ्या धरल्या तर रिचमंडचे 196 आणि विरुद्ध 229. टक्केवारी 148 वरून थेट 85.6 वर येते.

अ‍ॅडलेडमध्ये 76 गुणांचा मार का बसला? एक कारण वेळापत्रकात आहे. सोमवारी रात्री सामना, पुढच्या रविवारी परगावी पुढचा. सहा दिवसांचं अंतर आणि मध्ये विमानप्रवास. खेळाडू सामन्यात 12 ते 15 किलोमीटर धावतो, धडका खातो. पहिले दोन दिवस अंग मोकळं करण्यात जातात आणि सहा दिवसांच्या आठवड्यात जोरकस सरावाला एकच दिवस उरतो.

दुसरं कारण रचनेतलं, आणि ते जास्त महत्त्वाचं. रिचमंडचे सगळे पुढे सरकून दाब टाकतात. पहिल्या फळीचा दाब बसला नाही, तिघांपैकी एक जण अर्धं पाऊल उशिरा पोचला, की समोरचा संघ दोन हँडबॉलमध्ये मोकळा होतो. मग रिचमंडच्या पाठीमागे मैदान ओस असतं आणि अ‍ॅलेक्स रान्ससारख्या मागच्या बचावपटूला एकट्याने दोन माणसं सांभाळावी लागतात. दाबाच्या खेळात मधलं काही नसतं. जमला तर समोरचा गुदमरतो, नाही जमला तर शंभरी पार जाते.

(दृश्य : तीन सामन्यांचे शेवटचे क्षण, एकामागून एक.)

पुढचे तीन सामने जास्त जिव्हारी लागणारे. 6 मे, वेस्टर्न बुलडॉग्ज : पाच गुणांनी हार. 14 मे, फ्रीमँटल : दोन गुणांनी. 20 मे, सिडनीत ग्रेटर वेस्टर्न सिडनी : तीन गुणांनी. तीन सामने मिळून दहा गुण. दोन गोलसुद्धा नाहीत.

फ्रीमँटलचा सामना थांबवून बघू. शेवटचं मिनिट, ब्रँडन एलिसचा गोल, रिचमंड पुढे. स्टेडियम उसळलं. या खेळात गोल झाला की चेंडू पुन्हा मध्यावर येतो आणि दोघांना समान संधी मिळते. आज उडीच्या वेळी तिन्ही भागांत सहा-सहा खेळाडू ठेवायची सक्ती आहे. ती 2019 ची. 2017 मध्ये पुढची फळी उठून मागे नेऊन बसवायला पूर्ण मुभा होती. मधल्या चौकोनात दोघांचे चार-चार गडी, बाकीचे सगळे गोलसमोर भिंत करून उभे राहू शकले असते. तरीही फ्रीमँटलने मध्यातून चेंडू काढला, तो डेव्हिड मंडीकडे गेला आणि अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असताना त्याने गोल केला. हातातोंडाशी आलेला घास गेला. पुढच्याच शनिवारी ग्रेटर वेस्टर्न सिडनीच्या जेरेमी कॅमेरॉनने अखेरच्या क्षणांत तेच केलं.

आघाडी टिकवायची कशी, हे प्रत्येक संघाला पाठ असतं. छोटे, खात्रीचे फटके मारून मार्क घ्यायचे; प्रत्येक मार्कवर काही सेकंद खाता येतात. चेंडू मध्यातून नेण्याऐवजी सीमारेषेलगत न्यायचा. मध्यावरच्या उडीला एक जण मुद्दाम बचावाच्या बाजूला मागे ठेवायचा. मग बिनसतं कुठे? 2017 मध्ये मैदानावरचं घड्याळ किती वेळ झाला ते दाखवायचं, किती उरला ते नाही. मधल्या थांब्यांमुळे खेळाडूला नेमका अंदाज यायचा नाही आणि निरोप घेऊन पळणारा रनर प्रत्येकापर्यंत पोचायचा नाही. चेंडू बाहेर घालवायला जावं, तर तो खेळात ठेवायचा पुरेसा प्रयत्न दिसला नाही म्हणून पंच मोकळा फटका समोरच्याला द्यायचा. 2017 मध्ये पंच याबाबत फारच कडक होते. आणि रिचमंडची खरी गोची सवयीची होती. अख्खा सामना पुढे धावून दाब टाकायला शिकवलेला संघ शेवटच्या मिनिटात थांबायला लागला की गोंधळतो. ज्याने मागे राहायचं तोच चेंडूकडे धाव घेतो.

नऊ फेऱ्यांनंतर पाच विजय, चार पराभव. वर्तमानपत्रांना ही दरसालची घसरगुंडी वाटली, आणि इतिहास बघता तसं वाटण्यात काही गैर नव्हतं. पण नुसते फरक मांडा. पाच विजयांतून 138 गुण कमावले, चार पराभवांत 86 गमावले; त्यातले 76 एकट्या अ‍ॅडलेडमध्ये. म्हणजे एक सामना सोडला, तर हा संघ दोन महिन्यांत कुणाकडूनही नीटसा हरलाच नव्हता.

(दृश्य : पंट रोड ओव्हल, आठवड्याच्या मधली सकाळ.)

अशा वेळी क्लबची परीक्षा निवड समितीच्या खोलीत होते. चार पराभवांनंतर पाच-सहा जणांना डच्चू द्यायचा मोह होतो. 2014 पासून रिचमंडचा स्वतःचा राखीव संघ व्हिक्टोरियन लीगमध्ये खेळतो आणि त्याला तीच रचना शिकवलेली असते, त्यामुळे बदली गडी हाताशी होतेच. हार्डविक यांनी मूळ साचा मोडला नाही. दुसरा उंच फॉरवर्ड शोधून आणला नाही, ते तीन छोटेही तिथेच राहिले. दहाव्या फेरीत एसेंडनवर 15 गुणांनी विजय, अकराव्यात नॉर्थ मेलबर्नवर 35 गुणांनी.

शेवटच्या मिनिटांचं दुखणं बरं झालं, असं मात्र म्हणता येत नाही. तेराव्या फेरीत सिडनीविरुद्ध 36 गुणांची आघाडी घेऊन हा संघ नऊ गुणांनी हरला. सोळाव्या फेरीत सेंट किल्डाने 67 गुणांनी धुतलं. दाब न बसल्याचा तोच अ‍ॅडलेडवाला प्रकार. तरी 22 पैकी 15 विजय आणि तिसरा क्रमांक. सप्टेंबरात जीलाँगवर 51, ग्रेटर वेस्टर्न सिडनीवर 36, आणि 30 सप्टेंबरला अंतिम सामन्यात त्याच अ‍ॅडलेडवर 48 गुणांनी विजय : 16.12 (108) विरुद्ध 8.12 (60).

तेराव्या फेरीनंतर रिचमंडच्या एकाही सामन्याचा निकाल दहा गुणांच्या आत लागला नाही. मे महिन्यात ज्या प्रश्नाने तीन शनिवार-रविवार खाल्ले, तो पुढे या संघाला कुणी विचारलाच नाही.