इंडियाच्या फुटबॉल टीमची एक फ्रेंडली मॅच विदर्भात होऊ द्या

हे भंडारा जिल्ह्यातलं एक गाव आणि ही धानाची बांधी, म्हंजे धानाच्या शेताचा एक तुकडा. आत्ताआत्तापर्यंत इथं कमरेएवढं धान उभं होतं, कापणी झाली, भारे खळ्यावर गेले आणि जागा पोट्ट्यांच्या ताब्यात आली.

पण धान निघालं म्हंजे मैदान तयार झालं असं नाही. ही धसकटं बघा, बोटभर उंचीची, अनवाणी पाय पडला की रक्त निघते, म्हणून सगळे रांगेनं बसून विळ्यानं एकेक धसकट बुडापासून कापतात. मग प्रश्न येतो लांबीचा. एका बांधीत गोलपासून गोलपर्यंत नीट पळताच येत नाही, त्यामुळं शेतवाल्या काकांना विचारून मधला धुरा, म्हंजे बांध, खोदायचा, त्याचीच माती खड्ड्यात भरायची, वरून पाणी मारायचं आणि बैलजोडीमागं फळी लावून सगळं सपाट करायचं, अन् पेरणीच्या आधी तो धुरा जसाच्या तसा परत घालून द्यायचा ही अट. दोन दिवस जातात यात, कोणी सांगायला लागत नाही. नंतर दोरी ताणून फक्कीच्या रेषा, पेनल्टीची जागा पावलं मोजून. गोलपोस्ट बांबूचे. आणि ही जी जाळी बांधून राहिले ना, ती तलावातल्या मासेमारीची जुनी जाळी आहे, ढिवरांच्या घरून आणलेली, फाटलेल्या जागा घरीच विणून दिल्या.

इंटरनॅशनल मॅचचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. एवढी जागा इथं नाही, पण मैदान जपायचं असते हे या पोरांना पक्कं माहीत आहे. मैदान बिघडलं तर काय होते ते २०१७ मध्ये दिसलंच, १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्या देशात होता, ब्राझील-इंग्लंड सेमीफायनल गुवाहाटीला ठरलेली, पावसानं मैदान खराब झालं आणि मॅच कोलकात्याला हलवली.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये एका दिवशी १० लाख मुलं फुटबॉल खेळवायचा उपक्रम झाला, शाळाशाळांत बॉल पोचले. त्याच्याही आधी, २००१ साली, नागपुरात विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. म्हंजे विदर्भात बॉल पण आहे अन् खेळणारे पण. इंडियाची टीम मात्र या पोट्ट्यांनी फक्त मोबाईलवर पाहिलीय.

आमचं म्हणणं सरळ आहे. क्वालिफायर, म्हंजे मोठ्या स्पर्धेत जागा मिळवायच्या मॅच, जिथं जिंकायचे चान्स जास्त तिथं खेळा, त्यात पॉइंट असतात, त्यावर कोणी भांडणार नाही. पण फ्रेंडली मॅच कशासाठी असते? फिफा म्हंजे जगाची फुटबॉल संघटना, तिच्या रँकिंगमध्ये वर्ल्ड कप क्वालिफायरचं वजन २५, फिफाच्या ठरलेल्या विंडोमधल्या, म्हंजे देशांच्या मॅचसाठी राखलेल्या दिवसांतल्या, फ्रेंडलीचं १०, विंडोबाहेर खेळली तर फक्त ५. म्हंजे फ्रेंडलीत गमवायचं कमी असते, मग ती अशा ठिकाणी न्या ना जिथं लोकांनी टीम कधी डोळ्यानं पाहिली नाही.

आणि हे होते, झालेलं आहे. मार्च २०२३ मध्ये टीम इम्फाळला गेली, खुमान लंपाक स्टेडियम भरलं, म्यानमारला १-० नं आणि किर्गिझस्तानला २-० नं हरवलं. १९ मार्च २०२५ ला शिलाँगला मालदीवची फ्रेंडली ३-० नं जिंकली, २०२३ च्या नोव्हेंबरनंतरचा टीमचा तो पहिला विजय, आणि तो मिळाला शिलाँगमध्ये. त्याच्या कितीतरी आधी, २०१४ मध्ये, पॅलेस्टाइनची मॅच सिलिगुडीत झाली होती. इंग्लंडचं तर वेम्बली २००० नंतर पाडून नवीन बांधत होते तेव्हा टीम इप्सविचसारख्या गावात सुद्धा जाऊन खेळली. आणि आपल्या मुंबईत काय झालं? जून २०१८, अंधेरी, चायनीज तैपेईला ५-० नं हरवलं आणि स्टँड रिकामे, कॅप्टन सुनील छेत्रीला व्हिडिओ टाकून लोकांना हात जोडावे लागले, तेव्हा कुठं केनियाच्या मॅचचं तिकीट संपलं. मोठ्या शहरात मॅच ठेवली म्हंजे लोक येतातच असं नाही.

इथं लोक येतील का, असं विचारणाऱ्यांनी ही गर्दी बघावी. ही मंडई आहे. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हंजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या भागात, गावोगाव मंडईची जत्रा भरते, लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि रात्री नाटक. हे समोर बसलेले लोक तिकीट काढून बसलेत, थंडीत शाली-ब्लँकेट घेऊन, आणि नाटक उजाडेपर्यंत चालते. वडसा देसाईगंजच्या नाटक कंपन्या याच प्रेक्षकांवर उभ्या आहेत. शंकरपटाला, म्हंजे बैलांच्या शर्यतीला, तर बैल पळायच्या कितीतरी आधीपासून माणसं धुऱ्यावर उभी. ज्यांना बघायची एवढी हौस आहे त्यांना इंडियाची मॅच दाखवा तर खरं!

या मुली पण बघा, या गोलकीपरची उडी बघा. दहावीनंतर बऱ्याच जणींचं खेळणं बंद होते.

आता जागा. नागपूरजवळ जामठ्याचं स्टेडियम २००८ पासून उभं आहे, ४५ हजारांच्या आसपास माणूस बसते, फ्लडलाइट आहेत, विमानतळ जवळ. ते क्रिकेटचं आहे असं लगेच म्हणतील. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील पण क्रिकेटचंच, तिथं त्या २०१७ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल झाली, स्पेन आणि माली. मधल्या पिचवर गवत लावायला वेळ लागतो, खर्च लागतो, समोरच्या टीमचं येणं-राहणं पण बघावं लागते, ते फुटबॉल फेडरेशन आणि सरकारनं बसून ठरवावं.

महिना नोव्हेंबरचा धरा, फिफाची विंडो तेव्हा असते. जूनमध्ये आमच्याकडे ४५ डिग्री, सप्टेंबरात चिखल आणि पाऊस. नोव्हेंबरात हवा थंड, हलकं, म्हंजे लवकर येणारं, धान निघालेलं, हातात दोन पैसे, अन् मंडईसाठी सगळे गावातच. मॅच संध्याकाळी सहाला सुरू करा आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरहून एसटीच्या जादा गाड्या सोडा, यात्रेला सोडतात तशा.