बांधावरची हजेरी

नमस्कार, श्रोतेहो.

सर्वांच्या मालकीचे कुरण, प्रत्येक जण आपली गुरे वाढवत गेल्याने, अखेर उजाडच होते, असे पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली मांडले. आपल्या गोव्यातील खाजने, म्हणजे खाडीकाठची सखल शेते, मात्र गावकरीने, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेने, मातीचे बांध घालून शतकानुशतके राखली, आणि गावकरीचे रिवाज 1526 च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, नोंदलेलेही आहेत. गावेच्या गावे सामायिक संपत्ती अशी नीट सांभाळू शकतात, हे दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मी अकरा वर्षांचा असताना श्रावणातल्या अमावास्येच्या भरतीने तिसवाडीतील आमच्या गावचा बांध फुटला. एकदा खारे पाणी शेतात शिरले की पुढची पिके गेली. ओहोटीचे जेमतेम सहा तास हाती होते. घरटी एक माणूस आला, रांग लागली आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकू लागले. तेवढ्यात कोणीतरी विचारले, ‘‘खालच्या वाड्यावरचा कुठे आहे?’’ त्याचे शेत तर सर्वांत सखल होते. रांग सोडून कोणी गेले नाही, कोणी भांडलेही नाही. पण गोळे सावकाश येऊ लागले.

एर्न्स्ट फेर आणि सिमोन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांच्या 2000 सालच्या प्रयोगांत हेच दिसले. दुसरा अंग चोरतो हे कळताच सामायिक रकमेत पैसे घालणाऱ्यांचे हात फेरीगणिक आखडत गेले; चुकाराला दंड करण्याची मुभा मिळताच ते पुन्हा सैल झाले. माणसाला कष्टांचा कंटाळा नसतो, एकट्याने राबण्याचा असतो. पुन्हा सांगतो, एकट्याने राबण्याचा.

थोड्या वेळाने कंदील घेऊन त्या घरची सून आली. पदर खोचून ती म्हणाली, ‘‘ह्यांना हिवताप भरलाय, म्हणून मी आले.’’ आजोबांनी तिला रांगेत जागा करून दिली आणि शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, ‘‘खालच्या वाड्याची हजेरी लागली.’’ गोळे पुन्हा झपाझप येऊ लागले. पहाटे भरती चढली तेव्हा नवा बांध पाण्याच्या वर वीतभर उभा होता.