मागणारं तोंड संस्थेचंच हवं

(जळगाव येथे स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

संस्थांना देणग्या उभ्या करण्यासाठी सल्ला देणं हे माझं काम. मला संस्थांचे फोन येतात आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "ताई, जमलेल्या पैशातले तुम्ही किती टक्के घेता?" संस्था कुठली, काम काय, मुलं किती, हे सगळं नंतर. आधी टक्के. धडगावपासून चाळीसगावपर्यंत मी हा प्रश्न ऐकला आहे. त्याबद्दल कुणावर रागावण्याचा मला हक्क नाही, कारण सुरुवातीला मी टक्के घेतले आहेत.

सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी मुलींचं एक वसतिगृह होतं. पत्र्याची शेड. पावसाचा जोर वाढला की मुली अंथरुणं गोळा करून एका कोपऱ्यात बसायच्या. पक्क्या खोल्या आणि न्हाणीघरं बांधायची होती, म्हणून संस्थेनं मला बोलावलं. ठरलं असं, की मी जे आणीन त्यातले दहा टक्के माझे. मी आणि संस्थेचे सचिव जळगावात एका निवृत्त शिक्षिकांकडे गेलो. बाईंनी चहा दिला, मुलींची चौकशी केली, चेकबुक काढलं. पाच हजारांचा आकडा लिहिण्याआधी त्यांनी विचारलं, "यातले मुलींपर्यंत किती पोचतील?" सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सगळे."

ते खोटं होतं. त्यातले पाचशे माझे होते. परतीच्या एसटीत सचिव एक शब्द बोलले नाहीत. मी ते पाचशे पुढे घेतले नाहीत, पण त्यामुळे दिलेलं उत्तर खरं ठरत नाही. त्यानंतर मी टक्क्यांवर काम केलेलं नाही.

हा नियम मी शोधलेला नाही. पैसे उभे करण्याच्या कामाला व्यवसायाचं रूप आलं ते अमेरिकेत. १९०५ साली वॉशिंग्टनमध्ये वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या इमारतीसाठी चार्ल्स वॉर्ड आणि लायमन पिअर्स या दोघांनी मोहीम चालवली. ठरावीक दिवस, ठरावीक आकडा, गटागटानं वाटून दिलेली नावं आणि जमलेली रक्कम दाखवणारं एक मोठं घड्याळ. पुढे असं काम करणाऱ्या कंपन्या निघाल्या. १९३५ मध्ये त्यांनी संघटना बांधली आणि मोबदला कामाचा घ्यायचा, जमलेल्या पैशातला हिस्सा नाही, हे तत्त्व धरलं. १९६० मध्ये स्थापन झालेल्या निधीसंकलकांच्या संघटनेच्या आचारसंहितेतही टक्केवारीला सरळ मनाई आहे. म्हणजे टक्के नाकारणं हा या धंद्याचा पाया आहे.

यावर तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की फी ठरवून दिली आणि पैसे आलेच नाहीत तर? बोअर मारणाऱ्याला पाणी लागलं नाही तरी फुटावर पैसे द्यावे लागतात, हे यावल-रावेरच्या शेतकऱ्याला मी काय सांगणार! म्हणून तर तो आधी पाणी बघतो. आमच्या कामातही पाणी बघण्याची पायरी आहे आणि चांगल्या सल्लागाराची खरी किंमत तिथेच कळते. मोहीम जाहीर करण्याआधी तो वीस-तीस माणसांना एकेकटं भेटतो. देऊ शकतील असे व्यापारी, डॉक्टर, बागायतदार, जुने विद्यार्थी. संस्थेचं कुणी सोबत नसतं. मागायचं काही नसतं, फक्त विचारायचं असतं, की या संस्थेबद्दल तुम्हाला काय वाटतं? तिथे जे ऐकू येतं ते संस्थेला कुणी तोंडावर सांगत नाही. "काम चांगलं आहे, पण हिशेब कधी दाखवला नाही." "तीन वर्षांपूर्वी दिले होते, नंतर फोनसुद्धा नाही." "अध्यक्षांच्या घरचेच सगळे विश्वस्त आहेत." हे सगळं नावं न घेता लिहून द्यायचं, आणि गरज असेल तर सांगायचं की अजून वर्षभर थांबा, आधी हे दुरुस्त करा. टक्क्यांवर काम करणारा "थांबा" कशाला म्हणेल? त्याचं घर तर चेकवर चालतं.

आता आकड्यांकडे येते. वीस लाख उभे करायचे म्हटलं की बैठकीत कुणीतरी म्हणतं, जिल्ह्यात एवढी माणसं आहेत, प्रत्येकी शंभर रुपये घेऊ. शंभराचे वीस लाख व्हायला वीस हजार माणसं लागतात. वीस हजार पावत्या फाडणार कोण? आपल्याकडे पैसा फंडाचं उदाहरण देतात. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत तो फंड उभा केला आणि १९०८ मध्ये तळेगावला त्यातून काच कारखाना निघाला. मला त्या कामाबद्दल फार आदर आहे. पण तिथे एकेका पैशाबरोबर स्वदेशीचा विचार घरोघर पोचवायचा होता. चळवळ उभी करायची असेल तर तसंच मागा. न्हाणीघरं येत्या पावसाळ्याआधी हवी असतील तर हिशेब वेगळा मांडावा लागतो.

मी फळ्यावर लिहून दाखवते. चार लाखांचा एक दाता. दोन लाखांचे दोन. एक लाखाचे चार. पन्नास हजारांचे आठ. पंचवीस हजारांचे सोळा. प्रत्येक ओळीत चार लाख, पाच ओळी, वीस लाख. माणसं लागली एकतीस. ज्यांना विचारू ते सगळेच देत नाहीत, म्हणून एका देणगीमागे तीन-चार नावं धरायची, म्हणजे साधारण शंभर नावांची यादी. आणि वरच्या ओळीपासून सुरुवात करायची. चार लाखांचा शब्द मिळाल्याशिवाय बाकीच्यांचा विश्वास बसत नाही.

शंभर नावं कुठून आणायची, असं विचारताना कार्यकर्त्यांचा चेहरा पडतो. मी त्यांना घरची आहेराची वही आठवायला सांगते. कुणाच्या लग्नात कुणी पातळ दिलं, कुणी भांडं दिलं, कुणी एकावन्न रुपये दिले, हे आपल्या आयाबायांनी तीस-तीस वर्षं जपून ठेवलेलं असतं. वही बघूनच पुढचा आहेर ठरतो. ज्या घरात इतकी चोख वही आहे, त्याच घरातला माणूस संस्थेत आला की गेल्या वर्षीच्या देणगीदाराचा पत्ता त्याला सापडत नाही. मी कुठल्याही संस्थेत गेले की पहिले दोन महिने ही वहीच तयार करून घेते. जुन्या पावत्यांची स्थळप्रत काढायची, नाव, गाव, रक्कम, शेवटचं बोलणं कधी झालं. यात सल्लागाराची हुशारी काही नाही, बसून लिहिण्याचं काम आहे, पण निम्मी यादी तिथेच निघते.

उरलेली निम्मी सुरतेत असते. आपल्या गावांतून किती माणसं सुरतेला गेली हे मी तुम्हाला सांगायला नको. उधना, लिंबायत भागात गल्लीत उभं राहिलं तर अहिराणीच कानावर येते. ही माणसं आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि श्रावणात कानबाईच्या सणाला गावी येतात. तेव्हा त्यांना भेटा. कापसाच्या शेतकऱ्याकडे आषाढात जाऊ नका, तेव्हा त्याचा पैसा बियाण्या-खतात अडकलेला असतो. दिवाळीनंतर वेचणी होऊन कापूस विकला गेला की जा. पगारदारांकडे मार्चपर्यंत. त्यांना सांगताना एक जपा: नव्या करप्रणालीत ८०जीची, म्हणजे देणगीवरची करसवलत मिळत नाही, म्हणून "कर वाचेल" हे तुमचं पहिलं वाक्य असू नये. आणि दोन हजारांवर रोख दिली तर जुन्या पद्धतीतही सवलत मिळत नाही, हे आधीच सांगा. नंतर कळलं तर माणूस दुखावतो.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशाबद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आहेत, आणि आपल्या कार्यक्षेत्राच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं आहे. अक्कलकुव्याच्या आसपास मोठ्या कंपन्या किती, तुम्हीच बघा. नंदुरबार २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आहे, प्रस्तावात ते जरूर लिहा. हा पैसा घेण्यासाठी संस्थेला लागणारी सीएसआर-१ची नोंदणी करून ठेवा. पण हा पैसा बहुधा एका प्रकल्पापुरता असतो, प्रकल्प संपला की थांबतो. स्वयंपाकीण मावशींचा पगार त्यानंतरही द्यायचा असतो.

त्या वसतिगृहाकडे परत येते. नव्यानं करार केला, महिन्याला ठरलेली फी. ती विश्वस्तांनी आपल्यात वर्गणी काढून दिली, देणग्यांतून नाही. मागायला मात्र मी नाही, संस्थेचंच माणूस जाणार होतं. सचिव मला म्हणाले होते, "ताई, आमले मांगाले लाज वाटस." आम्ही महिनाभर सराव केला. काम काय, गरज काय, रक्कम किती, हे चार वाक्यांत सांगायचं आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं त्यांना सगळ्यात अवघड गेलं. सराव झाल्यावर ते पहिल्यांदा गेले त्या शिक्षिकाबाईंकडे. त्या पाचशे रुपयांची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं आणि सुरतेतल्या आपल्या एका विद्यार्थ्याचा नंबर दिला.

आखाजीच्या आठवड्यात तो विद्यार्थी गावी आला होता. सचिव एकटेच गेले. ओसरीवर बसून त्यांनी चार लाख मागितले आणि थांबले. पंख्याचा आवाज ऐकू येत होता, असं ते म्हणाले. त्या माणसानं आत बघून बायकोला हाक मारली आणि विचारलं, "उद्या पोरी बघायला जाऊ या का?"

मी तेव्हा जळगावात होते. रात्री साडेनऊला मला सचिवांचा फोन आला.